आधी ताईची चाचणी, मग तुमची

प्रश्न : माझं वय ३० आहे. लग्नाला चार वर्षं झाली, आता मूल हवं असं आम्हा दोघांना वाटतंय. पण ताईचं आठवलं की धीर होत नाही. अडीच वर्षांपूर्वी ताईचं दुसरं बाळंतपण झालं. तीन आठवड्यांनी तिला रात्री आडवं होता येईना, पडलं की खोकला यायचा. सगळे म्हणाले, जागरणं होतायत, अशक्तपणा आहे. शेवटी फुप्फुसात पाणी झालं आणि आयसीयूत ठेवावं लागलं. हृदयाचं पंपिंग २५ टक्क्यांवर आलं होतं. आता ५५ आहे, म्हणून सहा महिन्यांपूर्वी तिने आपणहून गोळ्या बंद केल्या. आमचा मामा ३८व्या वर्षी गेला. ‘त्याचं हृदय मोठं झालं होतं’ एवढंच आई सांगते. लाळेवरून जनुकीय चाचणी करून देणारी एक कंपनी माझ्या नवऱ्याने ऑनलाइन शोधली आहे. तो म्हणतो, करून टाक, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. आई म्हणते, नको ते उकरून काढू नका. ताईजवळ विषय काढायची हिंमत होत नाही, कारण त्या वेळी ‘नीट काळजी घेतली नाहीस’ म्हणून नातेवाइकांनी तिलाच बोल लावले होते. मी चाचणी करावी का? दोष निघाला तर मूल होऊच द्यायचं नाही का?
— धाकटी

उत्तर : तुमच्या नवऱ्याचं निम्मं म्हणणं मला पटतं. तुमच्या घरात जनुकीय चाचणी करण्यासारखी परिस्थिती नक्कीच आहे. पण ती तुमच्यापासून सुरू करायची नाही, आणि लाळेच्या डबीवर तर मुळीच नाही. आधी ताई. तुमच्या वाट्याला सध्या दोनच साध्या तपासण्या येतात, ईसीजी आणि हृदयाचा इको. त्या मात्र दिवस राहायच्या आधी व्हायला हव्यात.

ताई आधी का, ते सांगते. समजा तुम्ही परस्पर चाचणी केली आणि रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. घरात दोष आहे, पण तो तुमच्याकडे आलेला नाही. किंवा घरातला दोष त्या चाचणीला दिसण्यासारखाच नव्हता. कागद दोन्ही वेळी सारखाच दिसतो. तुम्ही पहिला अर्थ धरून निर्धास्त व्हाल आणि खरा असेल दुसरा. ताईच्या रक्तात नेमका दोष सापडला, तर मात्र प्रयोगशाळेला तुमच्या रक्तात तेवढीच जागा पाहायची असते. तिथे उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असंच येतं. नवऱ्याला हवा तो सोक्षमोक्ष असा लागतो.

आणि लाळेच्या घरगुती चाचण्यांबद्दल. त्यातल्या बऱ्याचशा चाचण्या जनुकांमधल्या ठरावीक जागाच बघतात. आपल्याला इथे संशय ज्या जनुकांवर आहे, ती सलग, पूर्ण वाचावी लागतात. त्यामुळे तिथे ‘सगळं ठीक’ आलं तरी मी त्यावर विसंबणार नाही.

आता आजाराबद्दल. ताईला झालं त्याला पेरिपार्टम कार्डिओमायोपथी म्हणतात. गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हृदयाचा स्नायू दुबळा होतो, पंपिंग म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन ४५ टक्क्यांच्या खाली येतं आणि त्याला दुसरं कारण सापडत नाही. बहुतेकींना हे बाळंतपणानंतर होतं, त्यातही पहिल्या महिन्यात जास्त. कितीतरी वर्षं हा आजार सुटा, बाळंतपणापुरता मानला जात होता. २०१० मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी डायलेटेड कार्डिओमायोपथीची घराणी तपासली. डायलेटेड कार्डिओमायोपथी म्हणजे घरोघरी ज्याला ‘हृदय मोठं झालंय’ म्हणतात तो आजार. या घराण्यांतल्या काही स्त्रियांमध्ये तो पहिल्यांदा उघडकीला आला तो बाळंतपणाच्या सुमारास. तुमच्या पत्रातलं मामाबद्दलचं वाक्य मी दोनदा वाचलं ते यासाठी.

पुढे २०१६ मध्ये पेरिपार्टम कार्डिओमायोपथी झालेल्या १७२ स्त्रियांची ४३ जनुकं तपासून झाली. १५ टक्के स्त्रियांमध्ये जनुक अर्धवट तुटल्यासारखा दोष सापडला, आणि त्यातले जवळपास दोनतृतीयांश दोष एकाच जनुकात होते : टीटीएन. २०२१ मध्ये ४६९ स्त्रियांचा आणखी मोठा अभ्यास आला. त्यातही टीटीएनच पुढे होतं, १०.४ टक्के. त्याशिवाय एफएलएनसी, डीएसपी आणि बॅग-३ ही नावं आली. ही सगळी डायलेटेड कार्डिओमायोपथीतही सापडणारी जनुकं आहेत. म्हणजे काही स्त्रियांपुरते तरी हे दोन्ही आजार एकाच घरचे आहेत. काही स्त्रियांपुरतेच, कारण उरलेल्या ८५ टक्क्यांमध्ये असा दोष सापडला नव्हता, हेही विसरायचं नाही.

टीटीएन हे जनुक टायटिन नावाचं प्रथिन बनवतं. माणसाच्या शरीरातलं हे सर्वांत मोठं प्रथिन, सुमारे ३५ हजार अमिनो आम्लांची साखळी. हृदयाच्या स्नायूत ते स्प्रिंगसारखं बसलेलं असतं : स्नायू ताणला गेला की त्याला पुन्हा जागेवर ओढतं. या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. एका प्रतीत असा दोष असला की तिच्यापासून तयार होणारं टायटिन अपुरं राहतं. पण दुसरी प्रत चालू असते आणि बहुतेकांचं आयुष्य तिच्यावर निभावून जातं. कुठे दोष आहे याचा पत्ताही लागत नाही.

भार वाढला की मात्र फरक पडू शकतो. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि हृदयाला तेवढं सगळं फिरवावं लागतं. त्यात शेवटच्या महिन्यांत वार काही असे पदार्थ रक्तात सोडते, जे बारीक रक्तवाहिन्यांच्या वाढीला मारक असतात. बाळंतपणानंतर दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिनचा एक तुकडाही तसंच काम करू शकतो, हे २००७ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. गरोदरपणातलं बीपी, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सिया, असेल तर पहिल्या प्रकारचे पदार्थ फारच वाढतात. पेरिपार्टम कार्डिओमायोपथी झालेल्या स्त्रियांमध्ये प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण साधारण २२ टक्के आढळलं आहे, एरवी ते तीन ते पाच टक्के असतं. जुळी बाळं असली तरी जोखीम वाढते. टीटीएनचा हाच दोष दारूमुळे हृदय बिघडलेल्यांमध्ये आणि कॅन्सरच्या केमोथेरपीनंतर हृदय बिघडलेल्यांमध्येही नेहमीपेक्षा जास्त आढळतो. भार निरनिराळे आहेत, कमकुवत जागा एकच. ताईने काळजी घेतली की नाही, याचा यात कुठेही संबंध येत नाही. ज्यांनी तेव्हा तिला बोल लावले त्यांना एवढा परिच्छेद वाचून दाखवलात तरी माझी हरकत नाही.

तुमचा खरा प्रश्न असा आहे की दोष निघालाच तर पुढे काय. मला वाटतं यासाठी जरा आकडेमोड करावी. टीटीएनचा असा दोष सामान्य लोकांत साधारण शंभरात एकाकडे असतो. पेरिपार्टम कार्डिओमायोपथीचं प्रमाण जगभर सारखं नाही. उत्तर नायजेरियाच्या काही भागांत शंभर बाळंतपणांमागे एक इतकं ते नोंदलं गेलंय, तर अनेक देशांत काही हजारांत एक. आपण मधला आकडा घेऊ, दोन हजारांत एक. म्हणजे एक लाख बाळंतपणांत सुमारे ५० जणींना हा आजार होईल आणि त्यातल्या पाच जणींकडे टीटीएनचा दोष असेल. पण त्याच एक लाखांत हा दोष असलेल्या एकूण स्त्रिया किती? सुमारे हजार. पाच आजारी पडल्या, ९९५ पडल्या नाहीत. हा ढोबळ हिशोब आहे, आणि ज्या घरात ताई आणि मामा असे दोघं झाले आहेत त्या घराला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तिथे जोखीम याहून जास्तच धरायची. तरीसुद्धा रिपोर्टमध्ये दोष दिसला म्हणजे हृदय जाणारच, या भीतीला त्यात आधार सापडत नाही.

तुमच्याच घरातलं उदाहरण घ्या. पत्रात आईबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, पण मामा आणि ताई यांना जोडणारा दुवा आईच आहे. दोष या बाजूने आला असेल, तर तो आईकडे असण्याची दाट शक्यता आहे. आणि आईची दोन बाळंतपणं तुमच्या पत्रावरून तरी सुखरूप झालेली दिसतात. मामा मात्र तिशीत गेला. टीटीएनच्या बाबतीत पुरुषांना त्रास लवकर आणि जास्त होतो, असं दिसून आलंय. म्हणून आईचा इको करून घ्या. तिला काही होत नसलं तरी. ती ‘उकरू नका’ म्हणते, त्यात भावाचं दुःख तर असेलच, पण माझ्या अनुभवाने सांगते, बऱ्याच आयांच्या मनात आणखी एक गोष्ट असते : हे माझ्याकडून मुलीला गेलं असं निघालं तर? त्यावर तिच्याशी वाद घालू नका. तिला मामाबद्दल विचारा. तो एकाएकी गेला, की आधी काही महिने पाय सुजणं, धाप लागणं चाललं होतं? एकाएकी गेला असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा, कारण एफएलएनसी, एलएमएनए, डीएसपी अशा काही जनुकांच्या दोषांत पंपिंग फारसं घसरायच्या आधीच हृदयाची लय बिघडू शकते. तिथे तपासणीचा रोख बदलतो. जुनी फाइल, एखादा ईसीजी, मृत्यूच्या दाखल्यावरची एक ओळ, जे मिळेल ते उपयोगी पडतं.

आता ताईशी कसं बोलायचं? ‘माझ्यासाठी चाचणी कर’ असं म्हणू नका. खरं सांगायचं तर ती चाचणी तुमच्याआधी तिच्याच उपयोगाची आहे, आणि याचं कारण तुमच्या पत्रात तुम्ही ओझरतं लिहून गेलात : तिने गोळ्या बंद केल्या आहेत. पंपिंग ५५ ला आलं ही चांगलीच गोष्ट आहे. पण डायलेटेड कार्डिओमायोपथीतून सावरलेल्या ५१ रुग्णांवर एक अभ्यास झाला होता. ज्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू थांबवल्या, त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत उलटला. ते रुग्ण पेरिपार्टमचे नव्हते, त्यामुळे तो आकडा ताईला थेट लागू नाही. पण तिच्यात टीटीएनचा दोष निघाला, तर तिचा आजार त्याच जातीचा ठरतो, आणि मग गोळ्या कायमच्या थांबवायच्या की नाही याचा निर्णय फार जपून घ्यावा लागेल. म्हणून तिला म्हणा : ताई, गोळ्या बंद केल्यापासून तुझा इको झालाय का? हृदयरोगतज्ज्ञाकडे जाऊ, मी येते बरोबर, आणि तिथेच जनुकीय चाचणीचंही विचारू. तिला आणखी मूल हवं असेल तर हा विषय दुप्पट महत्त्वाचा. पंपिंग पूर्ववत झालेल्या स्त्रियांनाही पुढच्या गरोदरपणात साधारण पाचातल्या एकीला पुन्हा त्रास होतो, आणि ते पूर्ववत झालं नसेल तर डॉक्टर पुढचं गरोदरपण टाळायलाच सांगतात.

तिने नाही म्हटलं, तर? तो तिचा हक्क आहे. रुसू नका आणि रेटूही नका. तुमचा इको तिच्या होकारावर अडलेला नाही.

ताईच्या चाचणीचे निकाल तीन प्रकारचे येऊ शकतात. स्पष्ट दोष सापडला, तर तुमच्याकडे तो असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्याकडे असला तर तुमच्या प्रत्येक बाळाला पुन्हा निम्मी. ताईकडे गेला म्हणून तुम्ही सुटलात असा हिशोब यात नसतो. तोच दोष तुमच्यात नाही असं निघालं, तर या घरगुती कारणासाठी तुम्हाला दर काही वर्षांनी इको करत राहायची गरज उरत नाही. ताईची चाचणी कोरी आली, तर तुम्ही जनुकीय चाचणी करण्यात अर्थ नाही, पण मामामुळे इको मात्र चालू ठेवायचा. तिसरा निकाल सगळ्यात तापदायक : ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’. टीटीएन इतकं अवाढव्य आहे की एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेले बदल त्यात खूप जणांमध्ये मिळतात, आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. अशा रिपोर्टवरून कोणीही कोणताही निर्णय घ्यायचा नाही, तुम्ही तर चाचणीही करायची नाही. रिपोर्ट हातात पडल्यावर इंटरनेटवर शोधत बसण्याऐवजी जनुकीय समुपदेशकाकडे जा. खरं तर चाचणीच्या आधीही एकदा जा.

आणि तुमच्यात दोष निघालाच, तरी इको नॉर्मल असेल, तर केवळ तेवढ्यावरून ‘मूल नको’ असं मी कुणाला सांगणार नाही. गर्भ राहण्याआधीच आयव्हीएफमध्ये भ्रूण तपासून निवडण्याचा मार्ग आहे. काही जोडपी तो घेतात. टीटीएनसाठी तो घ्यावाच असं मला वाटत नाही, कारण दोष असलेली बहुतेक माणसं धडधाकट जगतात. पण हा प्रश्न तुम्हा दोघांचा. आणखी एक दिलासा : २०२१ च्या त्या मोठ्या अभ्यासात टीटीएनचा दोष असलेल्या स्त्रियांचं पंपिंग सुरुवातीला इतरांपेक्षा खाली गेलेलं होतं, पण त्यातून सावरण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. इकोतच पंपिंग कमी दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी. मग आधी उपचार, आणि गरोदरपणाचा विचार हृदयरोगतज्ज्ञांशी पूर्ण बोलून झाल्यावर. हृदयाच्या काही नेहमीच्या गोळ्या गर्भाला घातक असतात, त्या आधी बदलाव्या लागतात.

सगळं ठीक निघालं आणि दिवस राहिले, तर पहिल्याच भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञांना ताई आणि मामा या दोघांबद्दल सांगा. गरोदरपणात टप्प्याटप्प्याने इको, बीपीवर काटेकोर लक्ष, आणि हृदयरोगतज्ज्ञ हाताशी असतील अशा ठिकाणी बाळंतपण, एवढं ठरवून घ्या. इकोची धास्ती घेऊ नका. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीवर गार जेल लावतात आणि पडद्यावर हृदयाच्या डाव्या कप्प्याची कडा दोनदा आखतात, एकदा तो पूर्ण भरलेला असताना आणि एकदा आकसलेला असताना. या दोहोंतल्या फरकावरून पंपिंगचा तो आकडा निघतो. सुई नाही, किरणोत्सार नाही, बाळाला काही नाही.

या आजाराची अडचण ही की त्याची लक्षणं बाळंतिणीच्या नेहमीच्या थकव्यात बेमालूम मिसळतात. त्यामुळे ती अंगावर काढली जातात. ताईच्या खोकल्याचं हेच झालं. थकवा प्रत्येकीला येतो, पण सपाट झोपलं की धाप लागणं आणि उठून बसलं की बरं वाटणं, उशांवर उशा रचाव्या लागणं, गुदमरून रात्री जाग येणं, बाळंतपणानंतर उतरायला हवी ती पायांची सूज वाढत जाणं, दोनतीन दिवसांत वजन काट्यावर भराभर चढणं, हे साध्या थकव्यात बसत नाही. नडगीवर अंगठा दाबून धरा. काढल्यावर खड्डा तसाच राहिला आणि सूज वरवर चढत असेल तर वाट बघू नका. त्याच दिवशी इको आणि रक्तातली बीएनपीची (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणाऱ्या पदार्थाची) तपासणी मागा. गरोदरपणात बीएनपी सहसा फारसं वाढत नाही, म्हणून ते बरंच वाढलेलं दिसलं तर ‘गरोदरपणात असं होतंच’ म्हणून ते सोडून देता येत नाही. कोणी ‘अशक्तपणा आहे’ म्हणालं तर सरळ सांगा, माझ्या सख्ख्या बहिणीला पेरिपार्टम कार्डिओमायोपथी झाली होती. एवढं एक वाक्य नवऱ्यालाही पाठ करायला लावा, कारण तुम्हाला धाप लागलेली असेल तेव्हा बोलायचं त्यालाच आहे.

आणि बाळंतपणानंतर घरी सोडताना पुढच्या इकोची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. बाळाच्या लसींच्या तारखा सगळ्यांच्या लक्षात राहतात, आईच्या इकोची राहत नाही.